आठ लुमांचा एक्सपोर्टर

भिवंडीच्या निजामपुऱ्यात जब्बार मुकादमबद्दल कुणालाही विचारलं तर दोन गोष्टी कळत. पहिली, माणूस सोन्यासारखा. दुसरी, त्याच्या डोक्यात काही नवीन शिरलं असेल तर आठवडाभर त्याच्या गल्लीतून जाऊ नये, तुम्हालाही कामाला लावेल.

त्याचे आठ लूम होते, कापड विणायचे यंत्रमाग. वडिलांनी, हसन मुकादमांनी, मागे ठेवलेले. भिवंडीत आठ लूमवाल्याला लोक ‘शेट’ म्हणतात, पण तो आला म्हणून खुर्चीतून कुणी उठत नाही. हसनचाचांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी त्याच आठ लुमांवर चार मुलींची लग्नं लावली, स्वतःचे गुडघे झिजवले आणि समाधानाने डोळे मिटले. जब्बारला मात्र आठ लूम ही एक्सपोर्टच्या जिन्याची पहिली पायरी वाटायची. जिना कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण पायरीवर पाय ठेवून तो तयार होता.

हे खूळ सत्त्याऐंशी साली शिरलं. गल्लीच्या तोंडाशी एक चोवीस लूमवाला होता, त्याचं कापड परदेशी जायला लागलं. जब्बार एकदा त्याचा कारखाना बघून आला तो पाहुण्याच्या घरचं लग्न बघून आल्यासारखा हरखून.

“खदीजा, काय सांगू तुला! भिंतींना चुना, कामगारांच्या डोक्यावर पंखे, लुमाखाली कापसाचा एक पुंजका नाही. धागा तुटतच नाही त्याचा. ही सगळी एक्सपोर्टची करामत.”

खदीजा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “अवो, पंखे त्याच्याकडं पाच वर्षांपासून हायत. चुना दर ईदला लागतो. त्याचं आधीच बरं चाललं होतं, म्हणून माल बाहेर गेला. माल बाहेर गेला म्हणून बरं चाललं असं नाय.”

“तुला धंद्यातलं काय कळतं?”

“तांदळातलं कळतं. चांगला तांदूळ पाहुण्यांना जातो. पाहुण्यांना वाढला म्हणून खडे आपोआप निघत नायत.”

नवरा-बायकोचा हा वाद पुढे आठ वर्षं चालला. आधी घरात, मग गल्लीत, मग नाक्यावरच्या हॉटेलात. हॉटेलात त्यावर सर्वात वजनदार मत होतं केसरीनाथचं. हा शेजारच्या वळ गावचा. पूर्वी भाताची शेती, आता शेतात गोदामं उभी केलेली. जब्बारचा शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे त्याला जब्बारच्या खर्चाने चहा पिऊन जब्बारच्या विरुद्ध बोलायचा पूर्ण अधिकार होता.

“जब्बारशेट, माझा बैल शर्यतीत पलतो,” केसरीनाथ बशीत चहा ओतत म्हणायचा. “आता मना सांग, शर्यतीत पलून तो तगडा झाला, का तगडा हाय म्हणून मी त्याला शर्यतीत उतरवला?”

“शर्यतीत उतरल्यावर जास्त तगडा होईल की!”

“मंग तुझ्या शेजारच्या खाटकाचा बोकड उतरवू काय? तगडा झाला तर तुझा, मेला तर माझा.”

सगळं हॉटेल हसायचं. जब्बार चहाचे पैसे ठेवून उठायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एक्क्याण्णव साली रुपया घसरला आणि ज्याला त्याला एक्सपोर्टची उबळ आली. तेव्हा जब्बारला वाटलं, आता थांबणं म्हणजे देशाशी बेइमानी. त्याने पेंटर बोलावून कारखान्याच्या दारावर पाटी रंगवली: ‘मुकादम टेक्स्टाइल्स. एक्सपोर्टर.’ माल त्या वेळी फार लांब गेला तर कल्याणपर्यंत जायचा.

पाटीनंतर घड्याळं आली. एक्सपोर्टरच्या भिंतीवर तीन घड्याळं असतात असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं: एक भिवंडीचं, एक लंडनचं, एक टोकियोचं. लुमांची धडधड एवढी की तिन्ही घड्याळं चार दिवसांत आपापल्या मनाने चालायला लागली. टोकियोचं पावणेपाचला कायमचं थांबलं. जब्बारचा विणकर रामसुमेर, आझमगढचा, मोठा धोरणी माणूस. त्याला शिफ्ट संपवायची असली की तो टोकियोकडे बोट दाखवायचा.

“सेठ, वहाँ तो छुट्टी का टाइम हो गया.”

रामसुमेर चार लूम बघायचा आणि शेलार गावचा पंढरी उरलेले चार. शिवाय पंढरी लूम दुरुस्तही करायचा, म्हणजे लूम बिघडला की आधी त्याला शिव्या घालायचा, मग लाथ, आणि शेवटी पाना. कोपऱ्यात गुणाबाई कांड्या भरायची. लुमात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत घालायचं ते ह्या कांडीवर असतं. गुणाबाईचा हात थांबला की आठही लूम थांबले, हे तिला ठाऊक होतं आणि दिवसातून तीनदा ती ते बोलूनही दाखवायची. एवढाच कारखाना. तीन माणसं, आठ लूम आणि एक एक्सपोर्टर.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर खदीजाचा धीर सुटला. छत गळत होतं, सूत महागलं होतं, आणि जब्बार परदेशातल्या पत्त्यांवर पत्रं पाठवण्यात गुंग. त्यात केसरीनाथला शहरात प्लास्टिकच्या बादल्या ठेवायला जागा हवी होती. त्याने कारखान्याची शेड भाड्याने मागितली. एके दिवशी दुपारी खदीजाने जब्बारच्या ताटात भाकरी वाढता वाढता निकाल सांगितला.

“मार्च संपेपर्यंत तुमचं ते एक्सपोर्ट झालं तर झालं. नायतर लूम भंगारात, शेडमध्ये बादल्या.”

“अब्बांचे लूम भंगारात?”

“बादली ओरडत नाय. बादलीचा धागा तुटत नाय. बादली टोकियोचं घड्याळ बघून घरी जात नाय.”

जब्बारने भाकरी खाली ठेवली. खदीजा असं बोलली की ते होतं, हे त्याला वीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. भंगारवाला लूम कसे तोलून नेतो तेही त्याने पाहिलं होतं. बापाने ज्यावर हात फिरवला ते लोखंड काट्यावर चढणार. त्या दिवशी त्याने दोनच भाकऱ्या खाल्ल्या. एरवी चार खायचा.

तारणहार निघाला कासम. हा खदीजाचा धाकटा भाऊ, मुंबईत मस्जिद बंदरला एका एक्सपोर्टवाल्याकडे नोकरीला. इंग्रजी बोलायचा, म्हणजे गल्लीत त्याची चूक काढणारं कुणी नव्हतं. डिसेंबरात तो बातमी घेऊन आला.

“भाईजान, डेन्मार्कहून बाई येतेय. हेल्गा नाव. देशोदेशीचे कारखाने बघत फिरते. भिवंडीत दहा बघणार. मी तुमचं नाव घुसवलंय. गुरुवारी येईल.”

जब्बारने उठून त्याला मिठी मारली. मग एकदम गंभीर झाला. “आपला कारखाना लहान दिसेल रे.”

“लहानच आहे, भाईजान.”

“आहे ते आहे. दिसता कामा नये.”

आता इथे जब्बारने जे केलं त्याला मूर्खपणा म्हणायच्या आधी जरा थांबा. मुलगी बघायला जायचं तर आपल्याकडे काय करतात? चुलतभावाची जीप मागतात, शेजाऱ्याचा कोट मागतात, आणि निदान पंधरा माणसं सोबत नेतात. घर भरलेलं दिसलं की माणूस वजनदार. हाच हिशेब जब्बारने कारखान्याला लावला. ज्याच्याकडे जास्त माणसं, तो मोठा. त्याला डेन्मार्कच्या बाईपुढे माणसं दाखवायची होती.

बुधवारी तो गल्लीभर फिरला. न्हावी मिळाला. अंडीवाला मिळाला. हॉटेलातले दोन वेटर, एक निवृत्त पोस्टमन, खाटकाचे चार भाचे, मशिदीसमोर अत्तर विकणारे एक चाचा. केसरीनाथने हसत हसत आपल्या गोदामातले सहा हमाल दिले आणि सातवा शर्यतीतल्या बैलाचा सांभाळ करणारा गडी. “ह्याला जनावराची सवय हाय, लूम काय त्यापेक्षा वांड असंल?” एकूण सतरा जण जमले. जब्बारने त्यांना एका ओळीत उभं केलं आणि सूचना दिल्या: कशालाही हात लावायचा नाही, हसायचं नाही, आणि लुमाकडे पोटच्या पोरासारखं बघायचं.

रामसुमेरने ही वरात पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“सेठ, ये अंडेवाला मेरे लूम पे खड़ा रहेगा?”

“फक्त एक तास, रामसुमेर.”

“एक घंटे में धागा शरम से टूट जाएगा.”

पंढरीचं दुःख वेगळं होतं. “शेट, न्हावी मना सांगतंय, लूम कसा चालवायचा. त्याचा कातर आन् माझा लूम एकच हाय म्हनं!”

गुरुवारी हेल्गाबाई आली. सहा फूट उंच, करड्या केसांची, हातात वही आणि पिशवीत केळी. दिवसभर फक्त केळी खायची असं तिने ठरवलेलं दिसत होतं. गाडीतून उतरल्यापासून गल्लीतली अर्धी माणसं तिच्या मागे होती. ती शेडमध्ये शिरली तेव्हा जब्बारला वाटलं, बाहेरची गर्दीसुद्धा कामगार म्हणून मोजली गेली तर बरं होईल.

आत देखावा बघण्यासारखा होता. प्रत्येक लुमामागे दोन माणसं, काही ठिकाणी तीन. अत्तरवाले चाचा लुमाकडे इतक्या प्रेमाने बघत होते की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोस्टमन हात मागे बांधून फिरत होता, त्याला जब्बारने सुपरवायझर केलं होतं. रामसुमेर आणि पंढरी गर्दीतून वाट काढत, लोकांच्या काखेखालून हात घालत, तुटलेले धागे जोडत होते.

हेल्गाबाईने बोटाने लूम मोजले. मग माणसं मोजली. पुन्हा एकदा मोजली. एका शिफ्टमध्ये किती मीटर निघतं ते कासमने सांगितलं: तीनशे साठ. तिने पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला, बटणं दाबली, आकडा बघितला आणि कॅल्क्युलेटर कानाजवळ नेऊन हलवून पाहिला.

मग ती कासमशी बराच वेळ बोलली. जब्बार तिच्या तोंडाकडे असा बघत होता जसा दहावीचा निकाल बघतात.

“काय म्हणते?”

कासमने घसा साफ केला. “म्हणते, मी इतके देश फिरले, पण असा कारखाना कुठल्याच देशात पाहिला नाही.”

शेडमध्ये टाळ्या पडल्या. अंडीवाल्याने शिट्टी मारली. जब्बारला बापाची आठवण आली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की बाईने वही मिटली आहे आणि ती दाराकडे चालली आहे.

दारात खदीजा उभी होती, हातात वाफवलेल्या गोड सांदणांची थाळी. तिने सातवीपर्यंत शाळा केली होती आणि ताग्याचं कापड मोजायचं काम घरी तीच करायची. बाईच्या वहीत तिने डोकावून पाहिलं. तिथे एक आकडा होता, त्याभोवती तांबडं वर्तुळ.

“कासम, अठरा म्हणजे काय?”

“काही नाही, आपा.”

“कासम.”

कासमने मान खाली घातली. “माणशी अठरा मीटर. तीनशे साठ भागिले वीस. ती म्हणते, एका देशात एक माणूस चोवीस लूम बघतो, दुसऱ्यात सोळा. तिसऱ्यात सहाच लूम बघतो, तिथून तिने माल घेतला नाही. इथे एका लुमावर दोन-अडीच माणसं. एवढा वाईट कारखाना तिने कुठल्याच देशात पाहिला नाही.”

जब्बार मटकन कांड्यांच्या पेटीवर बसला. गुणाबाई ओरडली, “शेट, कांड्या!” पण तो उठला नाही. मार्च, बादल्या, भंगारवाल्याचा काटा, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आलं. आणि नेमक्या त्याच क्षणी बैलवाल्या गड्याने, इतका वेळ दाबून ठेवलेल्या हौसेने, धागा तुटून थांबलेल्या समोरच्या लुमाचं हँडल ओढलं. लूम खाडकन सुरू झाला, धोटा उडाला, न्हाव्याच्या कानाजवळून गेला आणि लंडनच्या घड्याळात घुसला.

टोकियोमागोमाग लंडनचीही छुट्टी झाली.

“बस झालं,” खदीजा म्हणाली. तिने थाळी हेल्गाबाईच्या हातात दिली, म्हणजे बाईला आता निघून जाता येईना. “ज्याला लूम चालवता येतो तो थांबेल. बाकीच्यांनी घरी जा. पाहुणीसमोर एकेक करून बाहेर पडा, तिला दिसू दे.”

“अगं, अब्रू जाईल!” जब्बार म्हणाला.

“आहे कुठे? वहीत अठरा लिहिलीय ती.”

पहिला गेला न्हावी, त्याला तसंही थांबायचं नव्हतं. मग अंडीवाला, मग वेटर. कासम इंग्रजीत सांगत होता, ह्या वेळी खरं. हेल्गाबाईच्या डाव्या हातात सांदणांची थाळी, उजव्या हातात कॅल्क्युलेटर. एक माणूस बाहेर पडला की ती अंगठ्याने बटण दाबायची. भाचे गेले. आकडा चढला. हमाल गेले. आकडा आणखी चढला. पोस्टमन जायला तयार नव्हता, त्याला सुपरवायझरचं काम आवडलं होतं. पंढरीने त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं. शेवटी अत्तरवाले चाचा लुमाचा निरोप घेऊन गेले.

उरलेल्या सात लुमांची धडधड तशीच चालू होती. त्यातला एकही थांबला नाही. शेडमध्ये उरले रामसुमेर, पंढरी आणि गुणाबाई.

“म्या पन जाऊ?” गुणाबाईने विचारलं.

“तू गेलीस तर आकडा शून्य,” खदीजा म्हणाली. “बस.”

माणशी एकशे वीस मीटर. हेल्गाबाईने कॅल्क्युलेटरकडे बघितलं, रिकाम्या शेडकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता तिने एक सांदण उचलून खाल्लं. मग दुसरं. केळी पिशवीतच राहिली. कासम म्हणाला, “ती म्हणते, पाच मिनिटांत एवढी सुधारणा झालेला कारखाना मात्र खरंच कुठल्या देशात पाहिला नाही.”

“हे खरं सांगतोयस ना?” जब्बारने विचारलं.

“आपाची शपथ.”

ऑर्डर काही तिने दिली नाही. परीक्षा दिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाळीस तागे पाठवायचे. शंभर मीटरमागे चारपेक्षा जास्त दोष चालणार नाहीत. पास झालात तर महिन्याअखेर फॅक्स येईल.

त्या संध्याकाळी जब्बारने तयार पडलेला एक तागा खिडकीत उजेडासमोर धरायला लावला. खदीजाने गुणाबाईला सांगितलं, जिथे दोष दिसेल तिथे तांबडा दोरा बांध. तुटका धागा, जाळी, डाग, गाठ. अर्ध्या तासात तागा नवरीसारखा सजला. शंभर मीटरला एकतीस. एका डागाभोवती गुणाबाईने दोरा दोनदा बांधला.

“हा कसला?”

“चहाचा हाय. पंढरीचा आंगठा हाय तो, बशीसकट.”

“मी चहा लुमावर पीत न्हाय!” पंढरी म्हणाला. त्याच्या हातात त्या वेळी बशी होती.

पुढचे तीन महिने निजामपुऱ्याने जब्बारला नाक्यावर फारसं पाहिलं नाही. चहा शेडच्या बाहेर गेला, रामसुमेरची बिडी त्याच्याही पलीकडे. छताचं भोक बुजलं. पंढरीने आठही लूम एकेक करून उघडले. हसनचाचांच्या काळापासून ज्या पट्ट्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या त्या बदलल्या, झिजलेले धोटे फेकले. रोज सकाळी जमिनीवर पाणी मारायचं, म्हणजे हवा कोरडी राहत नाही आणि ताण्याचे उभे धागे तुटत नाहीत. हे गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं, करत कुणी नव्हतं. खदीजा रोज खिडकीत ताग्यासमोर उभी. एकतीसचे बावीस झाले, बावीसचे बारा. धागे कमी तुटायला लागले तसा रामसुमेरला बसायला वेळ मिळायला लागला, आणि बसून कंटाळा आला.

“सेठ, पंढरी मरम्मत में लगा है. उसके दो लूम भी मैं देख लूँ?”

जब्बारने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

फेब्रुवारीअखेर तेच आठ लूम, तीच तीन माणसं, आणि कापड दीडपट. चाळीस तागे गेले तेव्हा शंभर मीटरला तीन दोष होते. जब्बार त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हॉटेलात आला आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, “बघा! ह्याला म्हणतात एक्सपोर्टची करामत!”

केसरीनाथने चहाची बशी खाली ठेवली. “अरे, पन अजून एक वार कापड तू विकला न्हाय बाहेर! परीक्षेचा माल गेला फक्त. एक्सपोर्ट व्हायच्या आधीच करामत झाली काय?”

“त्याच्या नुसत्या विचाराने झाली.”

“विचार आठ वर्सांपासून करतंस तू. तेव्हा का न्हाय झाली?”

जब्बार चहाचे पैसे ठेवून उठला. घरी गेल्यावर त्याने तोच प्रश्न खदीजाला केला. ती म्हणाली, “तेव्हा बादल्या नव्हत्या.”

मार्चची एकतीस तारीख शुक्रवारी आली. फॅक्स आलेला नव्हता. दुपारी नमाज पढून जब्बार परतला तर गल्लीत बादल्यांनी भरलेला टेम्पो उभा, तांबड्या-निळ्या बादल्यांचे मनोरे दोरीने आवळलेले, आणि टेम्पोच्या दांडीला टेकून केसरीनाथ. त्याच्या पलीकडे भंगारवाला, काटा घेऊन. केसरीनाथचं तोंड पडलेलं होतं. चेष्टा करणं वेगळं आणि दोस्ताच्या बापाचे लूम उचलताना बघणं वेगळं.

“मी बोललो वयनीला, अजून आठ दिस थांबतो,” तो हळूच म्हणाला. “त्या न्हाय बोलल्या. जबान म्हंजे जबान.”

खदीजा दारात उभी होती. तिचेही डोळे लाल होते, पण ती हटली नाही. भंगारवाल्याने पहिल्या लुमाला हात लावून वजनाचा अंदाज घेतला. जब्बारने तोंड फिरवलं. नेमका तेव्हा रिक्षातून कासम उतरला, हातात गुंडाळलेला कागद, आणि लांबूनच ओरडला, “पास! भाईजान, पास!”

कुणी हललं नाही. कासमच्या भाषांतराचा अनुभव गल्लीला होता.

“एकेक शब्द वाच,” खदीजा म्हणाली. “आधी इंग्रजी, मग आपलं. मध्ये स्वतःचं काही घालशील तर अम्माला सांगेन.”

कासमने वाचलं. दोष मर्यादेत. कापड पसंत. वर्षभर दर महिन्याला माल हवा, आठही लुमांना पुरेल इतका. खाली हेल्गाबाईची सही, आणि सांदणाची कृती पाठवा अशी विनंती. भंगारवाल्याने काटा उचलला. गुणाबाईने कानशिलावर बोटं मोडली. जब्बारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“आणि,” कासम थोडा अडखळला, “कापड कशासाठी तेही लिहिलंय.”

“कशासाठी?” जब्बारने नाक पुसत विचारलं. हे त्याने मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. डेन्मार्कच्या राणीचा झगा नसला तरी तिथल्या एखाद्या मंत्र्याचा सदरा नक्की.

“फडकी.”

“काय?”

“स्वयंपाकघरातली फडकी. भांडी पुसायची, ओटा पुसायचा.”

टेम्पोच्या मागून पहिलं हसू फुटलं. “आठ वर्सं!” केसरीनाथ पोट धरून म्हणाला. “आठ वर्सं आमचा डोका खाल्ला, ओटा पुसायच्या फडक्यासाठी!” न्हावी दुकानातून बाहेर आला. अंडीवाल्याने ट्रे खाली ठेवला, हसताना फुटू नयेत म्हणून. भंगारवाला गेलेला नव्हता. शेट रागाच्या भरात काय करतील सांगता येत नाही, असा त्याचा धंद्यातला अनुभव.

जब्बार कागद हातात घेऊन उभा होता. कान लालबुंद. त्याने खदीजाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने विचारलं, “काय करायचं? तुम्ही बोला.”

तो शेडच्या दाराशी गेला. पहिल्या लुमावर हात ठेवला, वडील ठेवायचे तसा. मग वळून म्हणाला, “पंढरी, चालू कर. आणि हात धुऊन ये आधी. डेन्मार्कच्या ओट्यावर तुझा अंगठा नको.”

लूम सुरू झाले. धडधडीत केसरीनाथचं हसू ऐकू येईनासं झालं. बादल्यांचा टेम्पो वळवायला गल्लीत अर्धा तास लागला, आणि तेवढ्यात त्यातल्या दोन बादल्या खदीजाने जमिनीवर पाणी मारायला म्हणून ठेवून घेतल्या.

पुढे वर्षभर फडकी जात राहिली. जब्बारची खात्री होती की आता खरी करामत सुरू होणार. तो दर महिन्याला खिडकीत जाऊन तांबडे दोरे मोजायचा. शंभर मीटरला तीन. पुढच्या महिन्यात तीन. सहा महिन्यांनीही तीन, आणि एकदा पंढरीच्या मेहुण्याचं लग्न होतं तेव्हा चार. कापडही तेवढंच, फेब्रुवारीत निघत होतं तितकं, एक वार जास्त नाही.

“एक्सपोर्ट करतोय तरी काही फरकच पडत नाही,” तो खदीजाला म्हणाला.

“जो पडायचा तो आधी पडला. आता माल जातोय, बस.”

हे काही त्याला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फडक्याचा एक नमुना घडी करून खिशात घालून हॉटेलात गेला. केसरीनाथ होताच. जब्बारने वेटरला बोलावून सांगितलं की टेबल त्या कळकट चिंधीने नाही, ह्याने पूस, हे एक्सपोर्टचं आहे. वेटरने सांडलेल्या चहावरून ते फडकं फिरवलं. चहा टेबलाच्या ह्या टोकाचा त्या टोकाला गेला, आणि तिथून केसरीनाथच्या मांडीवर.

“शेट, हे पाणी शोषत नाही,” वेटर म्हणाला.

“त्यात खळ आहे अजून,” जब्बार म्हणाला. “तिकडे आधी धुतात.”

“मंग मांडी धुवायला मी पन तिकडंच जाऊ काय?” केसरीनाथ उठून धोतर झटकत ओरडला, आणि जब्बारने वेटरला आणखी दोन चहा सांगितले.